फर्स्ट कॉपीचा हिशेब

राजूरच्या आठवडे बाजारात भाजीच्या ओळी संपल्या की कपड्यांची पाले लागतात आणि त्यांच्या टोकाला आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे दुकान आहे. दुकान म्हणजे एक लाकडी बाज, वर ताडपत्री आणि बाजेवर चार्जर, केबल, इयरबड, स्पीकर, स्मार्ट घड्याळे. मागच्या महिन्यात लेकीसाठी इयरबड घ्यायला गेलो, तर त्याने सवयीने विचारले, "ओरिजनल देऊ का फर्स्ट कॉपी?" लगेच ओळखून जीभ चावली आणि सलाम केला.

"फर्स्ट कॉपी म्हणजे काय रे?"

"सेम टू सेम, सर. डबी तीच, आकार तोच, वर नावसुद्धा तेच. ओरिजनल हजारांत, हा साडेतीनशेला."

गिऱ्हाईक पांगल्यावर तो हळूच म्हणाला, "सर, इसमें गुनाह है क्या?" शुक्रवारी मशिदीत हलाल कमाईवर बयान झाले होते. तेव्हापासून हे त्याच्या मनात होते. आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. पुढच्या बाजारी सांगतो म्हणून निघालो आणि घरी येऊन वाचायला बसलो.

बाजारात सगळ्यालाच 'कॉपी' म्हणतात, पण कायद्याच्या लेखी तिचे वेगवेगळे प्रकार आहेत. त्याच्या बाजेवरच्या घड्याळांवर एका बड्या कंपनीचे नाव होते, जे त्या कंपनीने छापलेलेच नव्हते. हा ट्रेडमार्कचा गुन्हा. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, आणि तो फक्त बनवणाऱ्याला नाही, विकणाऱ्यालाही आहे. पुरेशी काळजी घेतली होती, तरी माल खोटा असल्याची शंका यायला कारणच नव्हते, असे विकणाऱ्याने सिद्ध केले तर सुटका आहे. पण स्वतःच्या तोंडाने 'फर्स्ट कॉपी' सांगून विकणाऱ्याला हे कसे म्हणता येणार? आमच्या या प्रामाणिक पोराला पळवाटही उरत नाही.

शेजारचे स्पीकर वेगळे. त्यांच्यावर नाव भलतेच, कोणी न ऐकलेले, पण आकार थेट नामांकित कंपनीच्या स्पीकरचा. इथे डिझाइन कायदा, २००० लागू होतो. डिझाइन म्हणजे डोळ्यांना दिसते ते: आकार, रेषा, नक्षी, रंगांची मांडणी. यंत्र आतून कसे चालते हा पेटंटचा प्रांत. ज्याने आकार नोंदवला त्याला दहा वर्षे संरक्षण, अर्ज केल्यास आणखी पाच. मग तो आकार सर्वांना मोकळा. नक्कल करणाऱ्याला यात तुरुंग नाही. प्रत्येक उल्लंघनासाठी २५ हजारांपर्यंत आणि एका डिझाइनमागे एकूण ५० हजारांपर्यंत रक्कम वसूल करता येते, किंवा मालक नुकसानभरपाईचा दावा लावून मनाई हुकूम मागू शकतो.

एवढ्याशा रकमेला बड्या कंपन्या काय भीक घालणार, असे आम्हाला आधी वाटले. खरा मार बसतो तो मनाई हुकमाचा. आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण आहे. व्हिडिओकॉन ही औरंगाबादची कंपनी. आपल्यापैकी कितीतरी घरांत पहिला रंगीत टीव्ही तिचाच होता. तिने 'पेबल' नावाचे धुलाई यंत्र बाजारात आणले. आमच्या 'एस' यंत्राचा नोंदवलेला आकार उचलला, असे म्हणत व्हर्लपूल मुंबई उच्च न्यायालयात गेली. व्हिडिओकॉनचे म्हणणे होते की आमचेही डिझाइन नोंदलेले आहे, आमच्याकडेही सरकारी कागद आहे, मग आमच्यावर दावा कसा? २०१४ मध्ये न्यायमूर्ती एस. जे. काथावाला यांनी हे मानले नाही. नंतर मिळवलेली नोंदणी ही आधीच्या नोंदणीदाराविरुद्ध ढाल होत नाही, आणि सारखेपणा डोळ्यांनी ठरवायचा, असे धरून त्यांनी 'पेबल'च्या विक्रीला मनाई केली. अमेरिकेत अ‍ॅपल आणि सॅमसंगही मोबाइलच्या गोल कोपऱ्यांवरून असेच भांडले; २०११ चा तो दावा २०१८ मध्ये तडजोडीने मिटला.

हे झाले कोर्टाचे. पोराने विचारले होते गुनाहाचे. जे हातात धरता येत नाही ते मालमत्ता कसे, असा प्रश्न आपल्या उपखंडातल्या काही जुन्या उलमांनी उपस्थित केला होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतला भरलेल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ठराव केला की व्यापारी नाव, चिन्ह, लेखन आणि शोध यांचे हक्क शरीयतमध्येही मान्य आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करू नये. आम्ही मुफ्ती नाही. पण गिऱ्हाइकाला 'कॉपी आहे' असे सांगितले म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक टळते, ज्याची मेहनत उचलली त्याचा हक्क मात्र तसाच राहतो, एवढे शाळामास्तरालाही कळते.

पुढच्या बाजारी हे सगळे सांगितले. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "सर, तीन हजारांचे इयरबड इथे घेणार कोण? गरिबाने गाणी ऐकायचीच नाहीत का?" म्हणणे खोटे नाही. पण स्वस्त आणि चोरीचे हे एकच नव्हे. कोणाचे नाव न लावणारा, स्वतःच्या आकाराचा साधा माल घाऊक बाजारात मिळतो. नफा कमी सुटतो, हे तोही कबूल करतो. चार्जरच्या बाबतीत तर आम्ही जरा आवाज चढवूनच बोललो. बीआयएसचे चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसलेला चार्जर विकू नकोस, लोक तो रात्री उशाशी लावून झोपतात. वाचक भगिनींनीही घरातले चार्जर एकदा उलटे करून पाहावेत.

मग त्याने बाजेखालून एक वस्तू काढली. स्पीकरसाठी स्वतः बनवलेली लाकडी पेटी, डांगी बैलाच्या वशिंडासारखा उभार असलेली. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, तिथे मांडायचा त्याचा विचार होता. त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला फोटो टाकणार होता. आम्ही त्याचा हातच धरला. अर्जाआधी डिझाइन लोकांसमोर आले की त्याचे नावीन्य संपते आणि नोंदणी नाकारली जाऊ शकते. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना सवलत आहे, तीही आधी कळवून सहा महिन्यांत अर्ज केला तर. जनावरांच्या प्रदर्शनात त्या भरवशावर राहू नये. डिझाइनची नोंदणी कोलकात्याच्या कार्यालयात होते, अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता येतो आणि एकट्या व्यक्तीला फी १ हजार रुपये पडते.

गेल्या बाजारी बाजेवर घड्याळे दिसली नाहीत. आकार चोरलेले स्पीकर अजून आहेत. आठ हजारांचा माल अडकलाय, घाऊकवाला परत घेत नाही, म्हणतो. त्यावर आम्हालाही काही सुचले नाही. पेटीचे चारही बाजूंनी फोटो मात्र काढून झालेत आणि ते मोबाइलमध्येच आहेत. अर्ज भरताना तो एका ठिकाणी अडला. "सर, नावीन्य कशात आहे ते लिहायचंय. अब्बांच्या बैलाचं नाव लिहू का?"