मुस्ता : अंगणातली आणि नाल्याकाठची

भातखाचराच्या बांधावरचा लव्हाळा उपटून कंटाळलेल्या शेतकऱ्यास ‘मुस्तेची लागवड करा’ असे सांगितले, तर तो हसेल. त्यात नवल नाही. 1977 साली प्रसिद्ध झालेल्या जगातील उपद्रवी तणांवरील प्रमाणग्रंथात सायपेरस रोटुंडस म्हणजेच आपली मुस्ता पहिल्या क्रमांकावर आहे. तरीही बोईसर-तारापूर परिसरातील वैद्यबांधवांनी ही वनस्पती आपल्या अंगणात मुद्दाम लावावी आणि बाहेरची फुकट मिळते म्हणून खणून आणू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

आनूप देशात उत्पन्न झालेली मुस्ता श्रेष्ठ होय, असे भावप्रकाशकार सांगतात. खाड्या, पाणथळ जागा आणि भातशेती यांनी वेढलेली आपली किनारपट्टी आनूपच आहे. ग्रंथ प्रमाण मानला तर येथील मुस्ता उत्तम ठरावी. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली केलेल्या औद्योगिक क्षेत्रांच्या मूल्यमापनात तारापूरला 93.69 गुण मिळाले. हे गुण प्रदूषणाचे असून ते देशात सर्वाधिक होते. भूमी आनूप राहिली, पण तिच्यातील पाणी पूर्वीचे राहिले नाही.

लव्हाळ्याच्या कुळातील वनस्पती सांडपाणी शुद्ध करण्यासाठी निर्माण केलेल्या कृत्रिम दलदलीत लावल्या जातात, कारण पाण्यातील जड धातू त्यांच्या मुळांत व कंदांत साठू शकतात. जो गुण सांडपाण्याच्या शुद्धीकरणात उपकारक, तोच औषधीद्रव्यात घातक होय. वाळवून, कुटून वा वस्त्रगाळ करून धातू निघून जात नाहीत. शिसे 10, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 भाग प्रतिदशलक्ष या वनौषधींसाठी ठरविलेल्या मर्यादा आपणा सर्वांस ठाऊक आहेत. मुस्तेचा घटक म्हणून समावेश असलेले बालचतुर्भद्र चूर्ण आपण लहान मुलांना देतो, आणि शिशाचा दुष्परिणाम बालकांच्या वाढत्या मेंदूवर सर्वाधिक होतो. म्हणून हा प्रश्न केवळ गुणवत्तेचा नसून चिकित्सकाच्या उत्तरदायित्वाचा आहे.

हा विचार आपल्या शास्त्राला नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात औषध ज्या भूमीतून घ्यावे तिची परीक्षा सांगितली असून, कृमी, विष, अग्नी, जल इत्यादींनी उपहत न झालेले द्रव्यच ग्राह्य मानले आहे. रासायनिक कारखान्यांच्या नाल्याकाठचा कंद या कसोटीस उतरतो, असे कोणता वैद्य म्हणेल?

लागवड अवघड नाही. खरी दक्षता आहे ती मुस्तेस आवरण्याची. तिचे भूमिगत धावते खोड चहूकडे पसरते, म्हणून ती उघड्या वाफ्यात कधीही लावू नये. सिमेंटचा लहान हौद, रुंद कुंडी अथवा अर्धे कापलेले स्वच्छ पिंप घ्यावे. मात्र पूर्वी रसायने साठविलेले पिंप वर्ज्य समजावे. तळाशी पाणी निघण्यास छिद्रे ठेवून ती बारीक जाळीने झाकावीत. भरावाची माती न वापरता खात्रीच्या जागेची माती, वाळू आणि कुजलेले शेणखत एकत्र करावे. ज्येष्ठाच्या अखेरीस, पहिल्या पावसाबरोबर, कंद दोन बोटे खोल व वीतभर अंतरावर लावावेत. ऊन भरपूर हवे, कारण सावलीत ही वनस्पती खुरटते. पाऊस उघडल्यावर नळाचे पाणी द्यावे. बी धरण्यापूर्वी तुरे कापल्यास शेजारच्या कुंड्या सुरक्षित राहतात. तोवर हिरव्यागार पात्यांवरचे तांबूस-तपकिरी तुरे दवाखान्याच्या दाराशी शोभूनच दिसतात. कंद शरद ऋतूत घ्यावेत, असे चरकसंहितेच्या कल्पस्थानात सांगितले आहे. त्यानुसार आश्विन-कार्तिकात ते खणून, धुऊन, तंतुमुळे काढून वाळवावेत.

‘दोन कुंड्यांनी औषधनिर्माणशाळा चालत नाही’, हा आक्षेप रास्त आहे. परंतु षडंगपानीयासाठी ताजी मुस्ता रुग्णाला देता येते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खात्रीचा नमुना हाताशी राहतो. बाजारात नागरमोथा या नावाने सायपेरस स्कॅरिओससही विकला जातो. घरचा कंद फोडून, हुंगून, चाखून ठेवलेल्या वैद्यास किंवा औषधविक्रेत्यास पोत्यातील भेसळ लवकर जाणवते.

मोठ्या खरेदीसाठी मात्र कागद हवा. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 साली औषधी वनस्पतींच्या लागवडीविषयी व संकलनाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत संकलनाच्या जागेची नोंद ठेवण्यावर भर आहे. भारतातून निर्यात होणाऱ्या वनौषधींच्या जड धातूंची तपासणी 1 जानेवारी 2006 पासून अनिवार्य झाली. परदेशातील रुग्णासाठी जी काळजी आपण घेतो, ती बोईसरच्या कामगाराच्या मुलासाठी का घेऊ नये? औषधनिर्मात्यांनी प्रत्येक खेपेबरोबर संकलनाचे ठिकाण, महिना आणि धातुपरीक्षणाचा अहवाल मागावा. वैद्यांनीही चूर्णाची बरणी घेताना हाच प्रश्न विक्रेत्यास विचारावा. उत्तर मिळत नसेल, तर ती बरणी परत करावी.