रद्द मानकाची ऑर्डर

कारखानदारीच्या पत्रव्यवहारात मेलेल्या आकड्यांना मरण नसते. बांधकामी पोलादाचे 'आय. एस. २२६' हे भारतीय मानक १९९२ साली 'आय. एस. २०६२' मध्ये समाविष्ट होऊन रद्द झाले. तरीही जुन्या ड्रॉइंगांत आणि त्यांवरून उतरवलेल्या खरेदीच्या ऑर्डरींत ते अजून डोके वर काढते. 'नाव बदलले, माल तोच,' असे म्हणून पुरवठादार नवे पोलाद देतो, खरेदीदार ते घेतो आणि उभयपक्षी समाधान नांदते. हे समाधान घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण बदल केवळ नावाचा नाही. जुन्या नामाभिधानातील ४१० हा आकडा पोलाद कोणत्या ताणास तुटते हे सांगे. आजच्या 'ई २५०' मधील आकडा ते कोणत्या ताणास कायमचे ताणले जाऊ लागते हे सांगतो. शिवाय 'ई २५०' चे उपप्रकार आहेत. 'ए' या उपप्रकारास आघात-चाचणीची अट नाही. 'बी-शून्य' ला ती शून्य अंश सेल्सियसला, तर 'सी' ला उणे २० अंशांस द्यावी लागते. यांतील कोणता हवा, याचे उत्तर जुन्या ऑर्डरीत असणार कोठून? आणि तो भाग कोठे बसणार, कोणता भार सोसणार, हे ज्यास ठाऊक नाही त्या पुरवठादाराने ते परस्पर ठरवावे काय? उद्या एखादा सांधा तडकला, तर ऑर्डर एक मानक सांगेल, चाचणीचे प्रमाणपत्र दुसरे सांगेल, आणि जबाबदारी मात्र कोणाचीच उरणार नाही.

अशी विचारपूस म्हणजे कागदी घोडे नाचवणे होय, त्याने काम खोळंबते, असा आक्षेप येईल. परंतु कापून, जोडून तयार झालेला माल नाकारला गेला म्हणजे जो खोळंबा होतो, त्यापुढे एका पत्राचा विलंब काहीच नव्हे. पुरवठादाराने ऑर्डर स्वीकारण्यापूर्वी लेखी विचारणा करावी. खरेदी खात्याने स्वतः उत्तर न देता ती ड्रॉइंगास जबाबदार असलेल्या अभियंत्याकडे न्यावी. त्याने मानक, त्याचे वर्ष व उपप्रकार निश्चित करावा आणि तदनुसार ऑर्डरीबरोबर ड्रॉइंगही दुरुस्त व्हावे; नाहीतर पुढल्या वर्षी तीच चूक नव्या तारखेने परत येईल.

पोलादाची निवड करणे हे अभियंत्याचे काम आहे. ते नकळत गोदामावर सोपविणाऱ्या कारखान्यास दर्जाच्या गोष्टी बोलण्याचा अधिकार नाही.