कॅसेटी फडताळातून काढा

इचलकरंजीच्या एका भगिनीने पत्र पाठवून एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या धाकट्या दिरांनी फोटो साठवायला म्हणून दोन डिस्कचा एक डबा घरी आणून ठेवलाय. त्याला नॅस म्हणतात. टीव्हीच्या मागे त्याचा हिरवा दिवा दिवसरात्र लुकलुकत असतो. इकडे बाईंच्या फडताळात सीडी आणि कॅसेटींचे दोन खोके पडून आहेत. ती गाणी त्या डब्यातून स्वयंपाकघरात ऐकता येतील का, आणि हे काम आपल्याला जमेल की दिरांच्या सुट्टीची वाट पाहावी, असं त्यांनी विचारलंय.

येतील, आणि जमेलही. वाट मात्र पाहू नका. का, ते पुढे येईलच.

आधी हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ. नॅस म्हणजे घरच्या वायफायला जोडलेलं कोठीघर. त्यात फोटो ठेवता तशीच गाणीही ठेवता येतात. पण पंगतीला नुसतं कोठीघर भरलेलं असून भागत नाही, वाढपी लागतो. कोण काय मागतंय ते ऐकायचं, नेमका जिन्नस शोधायचा आणि पानात आणून वाढायचा, हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला म्युझिक सर्व्हर म्हणतात. तो नॅसवरच बसवतात. मग तुमचा फोन म्हणजे झालं ताट. एकाच वेळी सासूबाई आतल्या खोलीत भजन ऐकताहेत, मुलगी गच्चीवर तिचं काही ऐकतेय आणि तुम्ही ओट्याशी नाट्यगीत, असं सहज चालतं.

तुम्ही म्हणाल, फोनवर इतकी गाण्यांची ॲप्स असताना हा खटाटोप कशाला? पण ॲपवरची गाणी भाड्याच्या घरासारखी असतात. २०२० साली गूगल प्ले म्युझिक बंद झालं. २०२४ च्या जानेवारीत रेसो आपल्याकडून गेलं, त्याच वर्षी विंकनेही गाशा गुंडाळला. लोकांनी वर्षानुवर्षं आवडीने लावलेल्या याद्या पुन्हा कुठेतरी नव्याने मांडायच्या! ॲप चालू असलं तरी कंपनीचा करार संपला की एखादं गाणं यादीतून गुपचूप नाहीसं होतं. पण मला विचाराल तर हे दुय्यम कारण आहे. मुख्य कारण असं की तुमच्या आजेसासूबाईंच्या ओव्या, वडिलांनी गणपतीत म्हटलेलं पद किंवा बारशाच्या दिवशी टेप केलेले पाळणे कुठल्याच ॲपवर नाहीत. ते जगात एकाच ठिकाणी आहेत, तुमच्या फडताळात. आणि तिथे ते दर पावसाळ्यात थोडे थोडे मरताहेत.

म्हणून सुरुवात कॅसेटींपासून करा, सीडी थांबतील. त्यातही बाजारातून विकत आणलेल्या बाजूला ठेवा आणि घरी भरलेल्या आधी घ्या. पहिलं काम म्हणजे कॅसेटच्या मागच्या कडेला असलेले दोन चिमुकले प्लॅस्टिकचे दात पाहा. ते शाबूत असतील तर मोडून टाका, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी त्यावर काही भरलं जाणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वाजवू नका, निराळी ठेवा. ती टेपरेकॉर्डरच्या हेडला लागून पुढच्या सगळ्या कॅसेटींना बाधते. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, चिकटलेली फीत मोकळी होते. हेड कापसाच्या काडीने पुसा. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, औषधांच्या दुकानात मिळतं. अत्तर किंवा कोलन चालत नाही.

मग टेपरेकॉर्डरच्या लाइन-आउटमधून, तो नसेल तर हेडफोनच्या भोकातून, एक तार लॅपटॉपला जोडायची. मधे यूएसबीची छोटी ऑडिओ पेटी घ्यावी लागते. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट घातलेल्या आवाजात खरखर फार येते. भरण्यासाठी ऑडॅसिटी नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. त्यात आवाजाची पट्टी लाल टोकाला टेकणार नाही इतपतच आवाज ठेवायचा. टोकाला टेकून फाटलेला आवाज नंतर कशानेही सांधला जात नाही.

याला वेळ मात्र लागतो, आणि त्यात पळवाट नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट भरायला नव्वद मिनिटंच. तीस कॅसेटी असतील तर पंचेचाळीस तास. पण त्या वेळात समोर बसून राहायचं नसतं. एका बाजूची पंचेचाळीस मिनिटं म्हणजे कुकर, पोळ्या आणि कोशिंबीर. मी शाळेतून आल्यावर रोज एकच बाजू लावते. आणि हो, खरखर काढण्याच्या मोहात लगेच पडू नका. मूळ भरलेलं आहे तसंच एका बाजूला जपून ठेवा. सफाई करायची ती त्याच्या नकलेवर. सफाईत कधी कधी खरखरीबरोबर आवाजातला जीवही जातो.

फाइल फ्लॅक प्रकारात ठेवा. एमपीथ्रीमध्ये जागा वाचवण्यासाठी आवाजातला काही भाग कायमचा टाकून देतात, फ्लॅकमध्ये काहीच टाकत नाहीत, फक्त नीट घडी घालतात. तासाभराची सीडी फ्लॅकमध्ये साधारण ३०० ते ४०० एमबी होते. म्हणजे दोनशे सीडी घातल्या तरी सत्तरेक जीबी, १ टेराबाइटच्या डिस्कचा जेमतेम चौदावा हिस्सा. जागेची काळजी नकोच. सीडी उतरवायला बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणि फ्रीॲक किंवा एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम पुरे, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता खरं काम. चिठ्ठ्या लावण्याचं! मसाल्याच्या डब्यांवर नावं नसली तर हळद आणि तिखट तरी रंगावरून कळतं, इथे तेही नाही. प्रत्येक गाण्याच्या फाइलीत आत एक चिठ्ठी असते, तिला टॅग म्हणतात. गाण्याचं नाव, कलाकार, आल्बम, वर्ष असे रकाने तिच्यात असतात. सर्व्हर ही चिठ्ठी वाचूनच मांडणी करतो. तो वाढपी प्रामाणिक आहे, पण अक्कल चालवणारा नाही. तुम्ही एका ठिकाणी ‘भीमसेन जोशी’, दुसऱ्या ठिकाणी ‘पं. भीमसेन जोशी’ आणि तिसरीकडे इंग्रजीत नाव लिहिलंत, तर तो तीन निरनिराळे गवई मांडून ठेवील. एकच पद्धत ठरवा आणि ती शेवटपर्यंत पाळा. मी सगळं देवनागरीत लिहिते. पं., श्री., सौ. काही लावत नाही. मनात आदर आहे तेवढा पुरे.

आणखी एक रकाना फार महत्त्वाचा आहे, ‘आल्बम आर्टिस्ट’. गीतरामायणाचंच उदाहरण घ्या. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं. गदिमांची छप्पन्न गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत, आणि रेडिओवर गाणारे मात्र अनेक. असा संग्रह डब्यात टाकलात आणि हा रकाना कोरा ठेवलात, तर एका गीतरामायणाचे दहा तुकडे होऊन यादीभर विखुरतील. ‘कलाकार’मध्ये त्या त्या गायकाचं नाव लिहा, पण ‘आल्बम आर्टिस्ट’मध्ये सगळीकडे एकच नाव, समजा सुधीर फडके. लगेच सगळं एका माळेत येतं. भावगीतांच्या ‘निवडक’ आणि ‘सदाबहार’ कॅसेटींनाही हाच उपाय. चिठ्ठ्या लिहायला एमपीथ्रीटॅग किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड घ्या. पिकार्ड पुष्कळ सीडी आपणहून ओळखतो, पण मराठी नावांचं त्याचं शुद्धलेखन तपासून घ्यावं लागतं. शिक्षिकेला त्यात राग येतो, काय करणार!

घरच्या कॅसेटींच्या चिठ्ठ्या मात्र कुठलाही प्रोग्रॅम लिहू शकत नाही. तिथे माणूसच लागतं. आमच्याकडे ‘दिवाळी ८७’ एवढंच लिहिलेली एक कॅसेट आहे. सासूबाईंच्या माहेरी चौघीजणी जात्यावरच्या ओव्या म्हणताहेत, मधेच एक लेकरू रडतंय, कुणीतरी दुधाची कासंडी मागतंय. सासूबाईंना ऐकवली. त्यांनी तीन आवाज पटकन ओळखले: आई, थोरली काकी, शेजारची एक सून. चौथीपाशी त्या थांबल्या. दोनदा, तीनदा ऐकलं. ‘आवाज ओळखीचा आहे गं, पण नाव येत नाही,’ म्हणाल्या. ते नाव सांगणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. चिठ्ठीवर मी तीन नावं आणि ‘चौथी: माहीत नाही’ असं लिहिलंय.

म्हणून वाट पाहू नका म्हटलं. डबा, तार, प्रोग्रॅम पुढच्या वर्षीही मिळतील. आवाज ओळखणारं माणूस मिळेलच असं नाही. कॅसेट भरली की त्याच आठवड्यात आईला, सासूबाईंना, आत्याला जवळ बसवा आणि कोण, कुठे, कधी, कुठल्या निमित्ताने, सगळं विचारून चिठ्ठीतल्या ‘कॉमेंट’च्या रकान्यात लिहा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यात ओवीबरोबर म्हणणारीचं नाव आणि गावही टिपून ठेवलं. नाव असलं म्हणजेच ती ओवी कुणाची तरी राहते.

सर्व्हर बसवणं त्या मानाने एका दुपारचं काम आहे. मला नॅव्हिड्रोम आवडतो. फुकट आहे, हलका आहे आणि फक्त संगीताचंच काम करतो. सिनेमेही दाखवायचे असतील तर जेलीफिन घ्या. तुमच्या नॅसवर डॉकर चालतो का ते आधी पाहा. काही स्वस्त डब्यांवर चालत नाही, नवा घेत असाल तर दुकानदाराला हे विचाराच. सिनॉलॉजीच्या डब्यात त्यासाठी कंटेनर मॅनेजर असतो, क्यूनॅपच्या डब्यात कंटेनर स्टेशन. त्यातून नॅव्हिड्रोम उतरवायचा आणि त्याला दोन फोल्डर दाखवायचे, एक गाण्यांचा आणि एक त्याच्या स्वतःच्या टिपणांचा. गाण्यांचा फोल्डर ‘फक्त वाचण्यापुरता’ द्या. वाढप्याला कोठीतून वाढू द्यावं, कोठी आवरायला लावू नये. मग लॅपटॉपवर नॅसचा घरातला पत्ता आणि त्यापुढे ४५३३ हा क्रमांक टाकला की पान उघडतं. पहिलं खातं जो उघडेल तो मालक. ते तुम्हीच उघडा. नॅसचा पत्ता रोज बदलू नये म्हणून राउटरमध्ये तो पक्का करून घ्या.

घरातल्या प्रत्येकाला निराळं खातं द्या, म्हणजे तुमच्या आवडत्या यादीत मुलाची धांगडधिंगा गाणी घुसणार नाहीत. अँड्रॉइड फोनवर सबस्ट्रीमर, आयफोनवर ॲम्परफाय अशी ॲप्स आहेत. एखादा जुना फोन आणि ब्लूटूथ स्पीकर ओट्याजवळच्या फळीवर ठेवला की झालं. शेगडीपासून मात्र लांब, फोडणीचे शिंतोडे त्याला सोसत नाहीत. विजेचं म्हणाल तर दोन डिस्कच्या डब्याला वीस वॅट धरले, तर महिन्याला साडेचौदा युनिट होतात. वीज सारखी जाते तिथे छोटा यूपीएस हवाच. डिस्क फिरत असताना दिवे जाणं तिला चांगलं नाही.

घराबाहेरून ऐकायची हौस असेल तर राउटरचं दार जगाला उघडं टाकू नका. इंटरनेटवर अशा उघड्या ठेवलेल्या हजारो नॅसवर २०२१ आणि २०२२ साली खंडणीखोरांनी कुलपं घातली आणि किल्लीचे पैसे मागितले. टेलस्केलसारखी सोय घ्या. त्यात फक्त तुमच्याच फोनांना आतलं दार उघडतं. आणि विकत घेतलेल्या सीडीची गाणी घरापुरतीच ठेवा, कॉलनीला वाटू नका, ते कायद्यात बसत नाही.

डब्यात दोन डिस्क आहेत म्हणजे दोन प्रती झाल्या, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. एकीवरून पुसलं की त्याच क्षणी दुसरीवरूनही पुसलं जातं. ती सोय डिस्क बिघडल्यावर उपयोगी पडते, हात चुकल्यावर नाही. म्हणून एक वेगळी यूएसबी डिस्क घ्या, दर महिन्याला तिच्यावर नक्कल करा आणि ती घरात ठेवू नका. माहेरी ठेवा. जाण्याला एक निमित्तही होतं. पासवर्ड किराण्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर नको, कपाटातल्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा, आणि कुठे ठेवलाय ते घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.

पत्रात शेवटी बाईंनी विचारलंय, सगळं भरून झाल्यावर टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी भंगारात द्यायच्या का. विकत आणलेल्या कॅसेटींचं काय ते तुम्ही ठरवा. घरी भरलेल्या ठेवा, उभ्या, कोरड्या जागी, स्पीकरच्या चुंबकापासून दूर. आणि टेपरेकॉर्डर चालू स्थितीत असेल तर तोही ठेवा. तुमच्या जावेच्या माहेरी, शेजारच्या काकूंच्या माळ्यावर आणखी एखादा खोका नक्की निघेल, आणि चालणारं यंत्र आता शोधून मिळत नाही.