साहेब नको, जमादार गाठा

मराठीत गुन्हेकथा लिहिणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते : ‘पोलीस बोलत नाहीत.’ मी अमरावतीत राहून याच प्रकारचं लिहितो, आणि ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता तिला सरळ उत्तर दिलेलं बरं. पोलीस बोलतात. आपण चुकीच्या पोलिसाकडे जातो, आणि जाताना प्रश्नही चुकीचा घेऊन जातो.

आपल्याला हवा असतो साहेब. आयुक्त, अधीक्षक, निदान निवृत्त उपअधीक्षक तरी. ओळखीतून ओळख काढायची, अर्ध्या तासाची वेळ मिळवायची, चहा घ्यायचा आणि विचारायचं, ‘सर, तुमची सर्वात थरारक केस कोणती?’ साहेब सांगतात. ती केस त्यांनी रोटरीत सांगितलेली असते, वर्तमानपत्राला सांगितलेली असते, आणि दरवेळी ती थोडी जास्त गुळगुळीत झालेली असते. आपण ती वहीत उतरवून घेतो आणि पुस्तकाच्या सुरुवातीला आभार मानतो.

साहेबांना काही कळत नाही असं मी म्हणत नाही. रमाकांत कुलकर्णी यांनी रमण राघव आणि मानवतची हत्याकांडं या तपासांवर लिहिलं. त्यातूनच पन्नास वर्षांपूर्वीच्या मानवतवर 2024 साली वेबमालिका आली. पण परभणी जिल्ह्यातल्या त्या गावाची गोष्ट आपल्यापर्यंत पोचते ती मुंबईहून गेलेल्या अधिकाऱ्याच्या नजरेतून. गावात आधीपासून असलेला हवालदार, पोलीस पाटील, प्रेत उचलायला बोलावलेली माणसं हे सगळे तिथे चेहरा नसलेल्या गर्दीत उभे असतात. कादंबरीकाराचं काम त्या गर्दीत शिरण्याचं आहे. आपण मात्र पुन्हा साहेबांच्याच खुर्चीसमोर जाऊन बसतो.

अकोल्याचे एक निवृत्त जमादार मला म्हणाले होते, ‘भाऊ, तुमच्या पुस्तकातला इन्स्पेक्टर कागद कवा लिवते?’ मराठी गुन्हेकथेची याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांनीही ढिगाने लिहिल्या. त्यांचे नायक धावत होते, वेषांतर करत होते, आणि त्यांच्या काळात ते शोभतही होतं. आज आपण ‘वास्तववादी’ म्हणवून घेतो, तरी आपला फौजदार कागदाला हात लावत नाही. खऱ्या ठाण्यात गुन्हा आधी कागदावर उभा राहतो. स्टेशन डायरीतली नोंद, घटनास्थळ पंचनामा, जबाब, मुद्देमालाची पावती, सीलबंद पाकीट, प्रयोगशाळेला पत्र. यातली एक तारीख मागेपुढे झाली की चार वर्षांनी आरोपीचा वकील तीच धरून बसतो. थरार हवा असेल तर तो इथे आहे.

आपल्या कादंबऱ्यांचा शेवटच घ्या. आरोपी कोसळतो, पोलिसांपुढे सगळं कबूल करतो, पुस्तक मिटतं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, हे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 25 मध्ये होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. त्याच्या सांगण्यावरून पराटीच्या ढिगाखालून कुऱ्हाड निघाली, तर तेवढा भाग ग्राह्य धरता येतो. पण ती कुऱ्हाड दोन पंचांसमक्ष निघायला हवी, आणि ते पंच साक्षीच्या दिवशी फितूर व्हायला नकोत. म्हणजे कादंबरी जिथे संपते तिथे खटल्याची खरी भीती सुरू होते. ही भीती साहेबांना विचारून कळत नाही. ती ठाण्यासमोरच्या चहावाल्याला विचारा, कारण ‘ये रे जरा, सही कर’ म्हणून पंच व्हायला त्यालाच बोलावतात. ती न्यायालयातल्या पैरवी कर्मचाऱ्याला विचारा, कारण साक्षीदार हजर करायची जबाबदारी त्याची असते.

दुसरा मुद्दा भाषेचा. उद्धव शेळक्यांनी ‘धग’मध्ये वऱ्हाडी बोलीला मान मिळवून दिला, त्याला साठहून अधिक वर्षं झाली. तरी आमच्याकडची गुन्हेकथा लिहिताना लेखकाचा शिपाई हिंदी सिनेमातलं मुंबईकर बोलतो. ठाण्याची स्वतःची भाषा असते. संशयास्पद किंवा आकस्मिक मृत्यूची नोंद मुंबईच्या कथेत ‘एडीआर’ होते, आमच्याकडे ‘मर्ग’ दाखल होतो. एका शब्दावरून वाचकाला कळतं की लेखक या जिल्ह्यात आला होता की नाही.

आणि मर्ग हा नुसता शब्द नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम या पट्ट्यात शेतकरी फवारणीचं औषध पितो तेव्हा जमादार ज्या कागदावर लिहायला बसतो, तो मर्गचा असतो. बाटली कुठे पडली होती, तोंडाला वास होता का, शेवटचं कोणाशी बोलला, कर्जाचं काही म्हणाला होता का. व्हिसेरा प्रयोगशाळेत जातो. पुढे जिल्ह्याची समिती बसते. शेती कोणाच्या नावावर, कर्ज कोणत्या संस्थेचं, थकीत होतं का, हे पाहून प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरतं. पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाख रुपये. पोलिसांचा पंचनामा हा त्या फायलीतला एक कागद. हा माणूस कोणी मारला, हा प्रश्न त्या फायलीत कोणी विचारत नाही, कारण कायद्याने इथे मारेकरी नसतो. वऱ्हाडात बसून गुन्हेकथा लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडत नसेल, आणि तो अमरावतीत कल्पनेतला सीरियल किलर आणून सोडत असेल, तर त्याला तज्ज्ञ मिळाला काय नि न मिळाला काय.

तिसरा मुद्दा जास्त अवघड आहे. पोलीस हा पोलिसी कामाचा तज्ज्ञ खरा, पण एकाच बाजूचा. 1972 साली विदर्भातल्याच देसाईगंजच्या ठाण्यात जे घडलं, ते मथुरा प्रकरण म्हणून देशाला माहीत आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं, देशभर संताप उसळला आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलावा लागला. तिथे गुन्ह्याची जागाच ठाणं होती. त्या ठाण्याबद्दल फक्त ठाणेदाराला विचारून कोणती कादंबरी लिहिणार? आमच्या भागातल्या फासेपारधी वस्तीत जा. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण गावात चोरी झाली की पहिली गाडी अजून कोणाच्या बेड्यावर येते हे तिथल्या म्हाताऱ्या बाया सांगतील. रात्री दार कसं वाजतं, कोणाला उचलतात, सोडवायला कोणाचे पाय धरावे लागतात, हे ज्ञान कोणत्याही प्रशिक्षण केंद्रात शिकवत नाहीत. तीही तज्ज्ञ मंडळी आहेत. आपण त्यांना फक्त ‘संशयित’ म्हणून पात्रयादीत घेतो.

‘पण नोकरीतला पोलीस बोलणार कसा?’ बरोबर आहे. शासकीय माहिती परवानगीशिवाय बाहेर देणं सेवानियमांत बसत नाही. म्हणूनच चालू तपासाबद्दल त्याला विचारूच नये. त्याची नोकरी आपल्या कादंबरीपेक्षा मोठी आहे. निवृत्त माणूस शोधा, आणि त्याला केस न विचारता दिवस विचारा. बंदोबस्तात जेवण कधी होतं, मुद्देमालाच्या खोलीला वास कसला येतो, प्रेताशेजारी रात्रभर कोण बसतं. माणसं कामाबद्दल बोलायला आसुसलेली असतात, पराक्रमाबद्दल विचारलं की थापा सुरू होतात.

शिवाय जाण्याआधी वाचून जा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशामुळे, संवेदनशील गुन्हे वगळता, प्रथम खबरी अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर येतात. जिल्हा न्यायालयांचे निकाल घरबसल्या मिळतात, आणि सत्र न्यायालयाच्या खुनाच्या निकालात साक्षीदार, पंच, डॉक्टर, तपासी अधिकारी एकेक करून उभे राहतात. 2025 मधल्या खुनाला ‘तीनशे दोन’ लावणारा लेखक जमादाराचा वेळ वाया घालवतो. आता ते कलम 103 आहे, आणि झडती-जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. एवढं माहीत असलं की जमादार खुर्ची पुढे ओढतो.

जॉर्ज सिमेनॉनला पॅरिसच्या पोलीस प्रमुखांनी बोलावून कचेरी दाखवली, ती मेग्रेची पहिली पुस्तकं आल्यानंतर. आधी लिहून दाखवलं, मग दार उघडलं. कलकत्त्याच्या प्रियनाथ मुखोपाध्याय या पोलीस अधिकाऱ्याने तर 1892 पासून ‘दारोगार दप्तर’ स्वतःच लिहायला घेतलं. दप्तर म्हणजे कागदच. सव्वाशे वर्षांपूर्वी एका दारोग्याला जे कळलं होतं, ते आपल्याला अजून साहेबांच्या दालनाबाहेर ताटकळून मिळवायचं आहे. त्या बाकावरून उठा. ठाणे अंमलदाराचं टेबल आत शिरल्या-शिरल्याच असतं.