किल्ली कुणाकडे?

कळमन्याच्या बाजारात परवा एका संत्रा-बागायतदाराशी गप्पा चालल्या होत्या. अडत्याने त्याचे पैसे मोबाइलवरूनच खात्यात टाकले होते. मी बँकेतला जुना माणूस हे कळताच त्याने विचारले, “साहेब, तुमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असायच्या. या फोनातल्या पैशाची किल्ली कुणाकडे?”

उत्तर समोरच्या ढिगातच होते. 91 संत्री सात-सातच्या तेरा रांगांत नीट बसतात. 97 संत्र्यांच्या सारख्या रांगा करायला जा, शेवटची रांग अपुरीच राहते. 97 ही मूळ संख्या. अशा दोन संख्यांचा गुणाकार सोपा. गुणाकारावरून त्या दोघी हुडकणे महाकठीण. 221 मधून 13 आणि 17 आपण काढू. पण तीनशे-तीनशे आकडी जोडीपुढे आजचा संगणकही हात टेकतो. 1977 साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी या अवघडपणाचेच कुलूप बनवले. गुणाकार जगजाहीर, कुलूप कुणीही लावावे. उघडणार मात्र ज्याच्यापाशी ती जोडी आहे तोच. बँकांच्या संगणकी व्यवहारांत हे कुलूप वर्षानुवर्षे वापरात आहे. (एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे खात्रीने आणि वाजवी वेळात ठरवण्याची रीत 2002 साली कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी दिली. त्याचा अभिमान वाटतोच.)

ऑक्टोबर 2024 मध्ये ल्यूक ड्युरांट या अमेरिकन गृहस्थाने तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या शोधली : 2 चा 13,62,79,841 वा घात, वजा 1. आकडे 4,10,24,320. सेंटिमीटरला एक आकडा लिहिला तर ओळ चारशे दहा किलोमीटर जाईल! आता आपला पैसा अधिक सुरक्षित, असे कुणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. साऱ्या गावाला ठाऊक असलेली किल्ली तिजोरीला काय कामाची? त्या शोधात यंत्रांची कसोटी आहे, छंदही आहे.

काळजी वेगळीच आहे. पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाला तर तो ती जोडी झटपट शोधील, हे पीटर शोर यांनी 1994 सालीच दाखवले. तसे यंत्र अजून झालेले नाही. पण बंद लखोटा आज चोरून दहा वर्षांनी फोडता येतो. शंभर रुपयांच्या जुन्या व्यवहाराने फारसे बिघडणार नाही. ओळखीचे कागद, आजारपणाची माहिती मात्र जन्मभर टिकते. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने नव्या धर्तीची मानके जाहीर केली. आपल्या सरकारने एप्रिल 2023 मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी 6003.65 कोटी रुपये मंजूर केले.

पण नवे कुलूप खेड्यातल्या शाखेपर्यंत कधी पोचणार? आमच्या शाखेतले दाराचे मोडके कुलूप बदलायला अकरा महिने आणि सात पत्रे लागली होती. शेतकऱ्याचा जुना फोन ते कुलूप चालवू शकेल का, आणि नवा फोन कुणाच्या पैशाने यायचा, हेही आत्ताच विचारायला हवे.

बागायतदाराने सारे ऐकून घेतले. मग अडत्याकडे वळून म्हणाला, “भाऊ, हिशेबाची चिठ्ठीही द्या. सहीची.”