चौक्याच्या वहीत एक पान तिच्यासाठी



चातुर्मास जवळ आला की मंदिरात एक वही निघते. कुठल्या दिवशी कुणाचा चौका, आहाराला कोण उभं राहणार, दूध कुणाच्या गोठ्यातलं, विहिरीचं पाणी कोण आणणार, सगळं त्यात लिहिलेलं असतं. पावसाळ्यात पिठाची मर्यादा तीन दिवसांची, म्हणून पुन्हा पुन्हा दळण. पाणी गाळायचं, उकळायचं, वेळ पाळायची. जिचा वार असेल ती बाई उभी राहतेच. तिला अडचण आली तर दुसरी तिचा वार घेते, आणि त्याची चर्चासुद्धा होत नाही. चार महिने हे बिनबोभाट चालतं.

एवढी शिस्त अंगात असलेल्या बायका आपण. मग आपल्यातल्याच एखादीला स्तनाचा कॅन्सर झाला की ही वही का उघडत नाही? मला आज एवढंच विचारायचंय, आणि ती उघडावी असं माझं ठाम मत आहे.

आपण काय करतो ते बघा. भेटायला जातो. पिशवीत मोसंबी, शहाळं, घरी केलेला चिवडा. पाचजणी मिळून जातो, कारण एकटीला जायला अवघडल्यासारखं होतं. मग "कसं कळलं गं?", "कुठल्या बाजूला?", "काढलं का पूर्ण?" हे प्रश्न, आणि मग आपल्या कुणा चुलत जाऊच्या बहिणीची गोष्ट, जी बहुधा वाईटच संपलेली असते. तेवढ्यात चार दिवसांपूर्वी केमो घेऊन आलेली ती बाई उठते आणि आपल्यासाठी चहा टाकते. आपण "असू दे गं" म्हणतो आणि पितो. याला आपण आधार देणं म्हणतो.

हा आजार आता लांबचा राहिलेला नाही. २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना तो नव्यानं झाला, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. बायकांच्या कॅन्सरमध्ये आपल्या देशात तोच पहिला. आणि पाश्चात्त्य बायकांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी तो आपल्याला गाठतो, म्हणजे ऐन चाळिशी-पन्नाशीत. सासू म्हातारी, मुलांची लग्नं व्हायची, नवऱ्याला साखर, आणि घराचा सगळा डोलारा हिच्या डोक्यावर. नेमकी तीच आजारी पडते.

म्हणूनच ती झाकून ठेवते. माझ्या माहेरी साताऱ्यात आमच्या गल्लीत एक काकू होत्या. गाठ लागली तेव्हा मुलाचं लग्न ठरत होतं. "लग्न होऊ दे, मग बघू" असं त्यांनी स्वतःशीच ठरवलं. कुणाला सांगितलं नाही. लग्नाच्या पंगतीत त्या सगळ्यांना आग्रहानं वाढत होत्या, ते मला अजून दिसतं. दाखवलं तेव्हा आजार हाडांत गेलेला. दोन वर्षं उपचार झाले आणि त्या गेल्या. सुनेला सासू भेटली ती आजारीच.

मुलीच्या स्थळाला अडचण येईल ही भीतीही मी कितीदा ऐकली आहे. खरं तर आनुवंशिक दोषामुळे होणारा स्तनाचा कॅन्सर शंभरात पाच ते दहाजणींचाच असतो. बाकी सगळा असाच, कारण न सांगता आलेला. पण हे मुलाकडच्यांना सांगणार कोण? मुलीची आई सांगू शकत नाही. आपण, बाजूला बसलेल्या बायका, सांगू शकतो. स्थळं जुळवणाऱ्या तरी कोण असतात? आपणच की.

लवकर सापडणं किती मोलाचं आहे, यासाठी एक गोष्ट सांगते. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून वीस वर्षं दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांची प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी ठरावीक वर्षांनी नुसत्या हातानं तपासणी केली. मॅमोग्राफीचं मशीन नाही, काही नाही. त्या गटात आजार आधीच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमधले या आजाराचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. २०२१ मध्ये हे सगळं प्रसिद्ध झालं. मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे की दारात आलेली ती एक साधी बाईच होती. "चला, दाखवा" म्हणणारी बाई.

आता वहीकडे येते. सांगलीत आमच्या मंडळातल्या एका अक्कांच्या वेळी आम्ही सहाजणींनी हे करून पाहिलंय, म्हणून हे हवेतलं बोलणं नाही.

केमो बहुतेक वेळा दर तीन आठवड्यांनी असते. पहिले तीन-चार दिवस मळमळ, तोंडाला चव नाही, फोडणीचा वास सहन होत नाही. त्या दिवसांत तिच्या स्वयंपाकघरात फोडणीच होऊ द्यायची नाही. पोळ्या-भाजी बाहेरून, म्हणजे आपल्या घरून, झाकून. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी कमी होतात आणि कुठलाही संसर्ग पटकन होतो. तेव्हा लागतं ताजं, गरम, नीट शिजवलेलं अन्न आणि उकळलेलं पाणी. मैत्रिणींनो, शिळं नाही, बाहेरचं नाही, पाणी उकळलेलं, हात धुतलेले, हे आपल्याला शिकवावं लागतं का? चौक्याची बाई या कामाला जन्मजात तयार आहे. आणि याच दिवसांत भेटीगाठी बंद. डबा दारात ठेवायचा, बेल वाजवायची, परत फिरायचं. सर्दी झालेल्या बाईनं तर त्या गल्लीतही जाऊ नये.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एक गोष्ट हवी. केमो सुरू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर तो हॉस्पिटलला जायचा ताप. सकाळपर्यंत थांबायचं नाही, काढा द्यायचा नाही. रात्री दोन वाजता कुणाची गाडी निघेल, त्या घराचा फोन नंबर त्याच पानावर.

रेडिएशनचं वेगळं असतं. आठवड्यातून पाच दिवस, तीन ते पाच आठवडे. मशीनखाली काही मिनिटंच, पण दुधगाव-समडोळीहून मिरजेला येऊन परत जायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. घरातला पुरुष शेती किंवा दुकान सोडून रोज किती दिवस येणार? चौथ्या दिवशी बाई म्हणते, मी एकटी जाईन एसटीनं. इथं सोबतीचा वार लावायचा. सोमवारची वेगळी, मंगळवारची वेगळी. पूर्वी गरिबाघरची मुलं वार लावून जेवत आणि शिकत. तशी ही सोबत.

ऑपरेशननंतर हाताचं बघायचं. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज धरू शकते. सुरुवातीला कळशी, पाच लिटरचा कुकर, ओल्या चादरी उचलायच्या नाहीत, घट्ट बांगड्या घालायच्या नाहीत. व्यायाम मात्र रोज: भिंतीवर बोटं चढवत चढवत हात वर न्यायचा. एकटी करताना कंटाळते, दुखलं की सोडते. आमच्यातली एक संध्याकाळी फक्त यासाठी जायची. दोघी भिंतीसमोर उभ्या राहून बोटं चढवायच्या. अक्कांची नात म्हणायची, आजी पालीसारखी चढते.

आता नियमांचं. हे लिहिताना काहींना राग येईल, पण लिहिते. केमो चालू असताना दशलक्षणात एकासन करू का, असं एकीनं मला विचारलं. दिवसभर पोटात काही ठरत नाही, रात्री नऊला दोन घास खावेसे वाटतात, पण सूर्यास्तानंतर कसं खाऊ म्हणून ती रडत होती. सोळाकारण भावनांमध्ये त्याग आणि तप या दोन्हींच्या आधी 'शक्तीनुसार' हा शब्द जोडलेला आहे. तो उगीच नाही. मनात खंत असेल तर माताजींना विचारून मोकळीक घ्यावी. पण शेजारच्या बाईनं "आमच्या आत्याबाईंनी तापातही कधी रात्री खाल्लं नाही" हे तिच्यासमोर बोलू नये, एवढं तरी आपण करू शकतो.

तीच गोष्ट असाता वेदनीय कर्माची. कर्मसिद्धांत मलाही मान्य आहे. पण तो स्वतःच्या दुःखाकडे बघायला आहे, दुसरीच्या डोक्यावर ठेवायला नाही. ड्रेनची नळी लावून पडलेल्या बाईला तिचं पूर्वकर्म समजावून सांगण्यात मला तरी कुठलं स्वाध्यायाचं पुण्य दिसत नाही. वैयावृत्त्य हे मात्र अंतरंग तपांत गणलेलं आहे, आणि सेवेला पात्र असलेल्या दहांमध्ये 'ग्लान', म्हणजे आजारी, हा शब्द स्पष्ट आहे. ते मुनींसाठी सांगितलंय असं कुणी म्हणेल. बरोबर. पण संघ चतुर्विध आहे. मुनी, आर्यिका, श्रावक आणि श्राविका. चौथी आपणच आहोत.

आणि हो, गव्हांकुराचा रस, गोमूत्र, अमुक काढा हे मोबाइलवरचे संदेश तिला पुढे पाठवू नका. मी हळदीच्या गावात राहते. हळद भाजीत घाला, केमोऐवजी देऊ नका.

काही गोष्टी मात्र आपण सहाजणी कितीही जीव लावून केल्या तरी पुरत नाहीत. आंघोळीनंतर आरशासमोर पहिल्यांदा उभं राहणं, नवऱ्यासमोर कपडे बदलणं, ब्लाउजची एक बाजू रिकामी. हे बोलायला तीच बाई लागते जी त्यातून गेली आहे. १९५२ साली अमेरिकेत टेरेस लॅसर नावाच्या बाईचं स्तन काढायचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ती स्वतःच हॉस्पिटलांत जाऊन नव्या रुग्ण बायकांच्या खाटेशी बसू लागली. डॉक्टरांना ते सुरुवातीला रुचलं नाही, पण त्यातूनच 'रीच टू रिकव्हरी' हे काम उभं राहिलं आणि जगभर गेलं. मुंबईत स्वतः कॅन्सरमधून उठलेल्या वंदना गुप्तांनी १९९४ मध्ये 'व्ही केअर' सुरू केलं, तेही याच विचारावर. आपल्या सांगली-साताऱ्यात अशा बायका नाहीत असं नाही. आहेत, प्रत्येक पेठेत आहेत. फक्त त्यांना कुणी बोलू दिलेलं नाही. त्यांनी नाव सांगायची गरज नाही, व्यासपीठावर यायची गरज नाही. एका बाईशी, दार लावून, तासभर बोलल्या तरी पुष्कळ.

ब्लाउजचं निघालं म्हणून सांगते. मुंबईची 'साईशा इंडिया फाउंडेशन' ही संस्था सुती दोऱ्याचे विणलेले हलके कृत्रिम स्तन बायकांना विनामूल्य देते. सिलिकॉनचे महाग आणि आपल्या उन्हाळ्यात जड होतात. ज्या बायका क्रोशाची तोरणं आणि रुमाल विणून कपाटं भरतात, त्यांनी याचा विचार करावा.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भेटायचं. उपचार आता मिरज, कराड, सातारा इथंही होतात. मुंबईलाच जायचं असेल तर रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत आहे. हॉस्पिटलचा फॉर्म लागतो. ही धावपळ करायला एखादी चटपटीत सून वहीत नेमून टाकावी.

वही चालायची तर ती एकीच्याच हातात हवी. दहाजणींनी रोज फोन करून "काय आणू?" विचारलं की आजारी बाईच सगळ्यांची व्यवस्थापक होते. आणि वहीतलं बाहेर जाऊ नये. आमच्याकडे एकीनं रिपोर्टमधलं काही भिशीत सांगितलं. तिचा वार आम्ही काढून घेतला. भांडण झालं, अजून ती बोलत नाही. चालेल.

सगळ्यात जास्त चुकतो आपण ते शेवटी. केस परत आले, रेडिएशन संपलं, की सगळे म्हणतात, "झालं ना आता सगळं!" आणि डबे बंद होतात. पुष्कळजणींना पुढे पाच ते दहा वर्षं रोज गोळी असते. तिनं सांधे दुखतात, अंगातून वाफा निघतात, झोप येत नाही. दर तपासणीच्या आधी आठवडाभर छातीत धडधडतं. अक्का एकदा म्हणाल्या, "उपचार चालू होते तेव्हा तुम्ही होता, आता मी आणि गोळी." म्हणून अक्कांचं पान आम्ही बंद केलेलं नाही. महिन्यातून एकदा दोघी जातात. तपासणीच्या दिवशी एक सोबत असते. चहा मात्र आम्ही करतो.

परवा नांद्र्याच्या एका काकूंचं नाव वहीत आलं आहे. त्यांचं रेडिएशन सोमवारपासून मिरजेत सुरू होतंय, रोज सकाळी अकराची वेळ मिळाली आहे. सोमवार ते बुधवार आणि शुक्रवार लागले. गुरुवार अजून रिकामा आहे.