विश्लेषण : दिव्यातील मुलांसाठी विज्ञान प्रदर्शनाची वाट कुठे अडते?

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी, पुठ्ठ्याची पवनचक्की... प्राथमिक शाळेतील विज्ञान प्रदर्शनाचे हे चित्र सर्वांच्या ओळखीचे. मात्र शाळेच्या सभागृहाबाहेर पडून पुढच्या पायरीवर जायचे, तर मुलाच्या हुशारीइतकेच महत्त्व तो कोणत्या शाळेत शिकतो याला येते. अनधिकृत शाळांचा प्रश्न गाजत असलेल्या दिव्यात पालकांनी हे आधीच समजून घेतलेले बरे.

प्रदर्शनाच्या पायऱ्या कोणत्या?

शाळेत निवडलेला प्रकल्प तालुका किंवा महापालिका क्षेत्राच्या प्रदर्शनात जातो. तेथून जिल्हा, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय प्रदर्शन. एनसीईआरटी १९७१ पासून मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवर विज्ञान प्रदर्शन भरवते. या साखळीत मुलांना साधारणपणे सहावीपासून प्रवेश मिळतो. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी बहुतेक वेळा शाळेचे प्रदर्शन हेच सारे काही असते.

दुसरी वाट ‘इन्स्पायर मानक’ योजनेची. केंद्राचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग ती राबवतो. येथे मुलाने सुचवलेली मूळ कल्पना पाहिली जाते. निवड झाल्यास ती प्रत्यक्षात उतरवण्यासाठी १० हजार रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. दोन्ही वाटांवर नाव शाळेमार्फतच जाते. पालकाने घरून परस्पर अर्ज भरायची सोय नाही.

मग दिव्यात अडचण काय?

गेल्या काही वर्षांत दिव्याची लोकसंख्या झपाट्याने वाढली, चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या. महापालिकेच्या शाळा त्या वेगाने वाढल्या नाहीत. ती पोकळी छोट्या खासगी इंग्रजी शाळांनी भरली, त्यातील अनेक विनापरवाना. ठाणे महापालिकेच्या अनधिकृत शाळांच्या यादीत बहुतांश नावे दिवा परिसरातील असल्याचे वारंवार समोर आले आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होतो. त्यानंतरही ती सुरू राहिली, तर प्रत्येक दिवसाला १० हजार रुपयांपर्यंत.

दंड शाळाचालकाला होतो, नुकसान मात्र मुलाचे. शिक्षण विभागाच्या लेखी जी शाळाच नाही, तिच्याकडून प्रवेशिका जाणार कशी? अशा शाळेच्या गच्चीवर प्रदर्शन थाटात भरते, फिती कापल्या जातात, प्रशस्तिपत्रे वाटली जातात. वाट तिथेच संपते, आणि पालकांना ते कळतही नाही.

शाळा मान्यताप्राप्त आहे, हे कसे ओळखावे?

शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक विचारावा. महाराष्ट्रातील क्रमांकाची सुरुवात २७ ने होते. पण केवळ क्रमांकावर विसंबू नये, मान्यतेचे पत्र पाहायला मागावे. हे पत्र कोणत्या इयत्तांसाठी आणि कोणत्या माध्यमासाठी आहे, तेही वाचावे. पाचवीपर्यंतची मान्यता आणि वर्ग आठवीपर्यंत, असेही असू शकते.

परीक्षक नेमके काय पाहतात?

मुलाची स्वतःची कल्पकता, नावीन्य, मागचे वैज्ञानिक तत्त्व, कारागिरी, समाजाला उपयोग, कमी खर्च आणि मांडणी. यात पालकांनी विकत आणलेल्या तयार प्रतिकृतीला फारसे स्थान नाही. तरीही दुकानातून ‘प्रोजेक्ट’ येतोच, आणि ‘हे असे का झाले?’ या परीक्षकाच्या पहिल्याच प्रश्नाला मूल आईकडे पाहते.

खरे तर दिव्यातील मुलांना विषय शोधायला दूर जावे लागत नाही. २०२५-२६ च्या राष्ट्रीय प्रदर्शनाच्या उपविषयांत कचरा व्यवस्थापन आणि जलसंवर्धन हे दोन्ही आहेत. ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षे दिव्यातच टाकला जात होता, ती कचराभूमी २०२३ मध्ये बंद झाली. पाणीटंचाई तर रोजचीच. टँकरचे पाणी काचेच्या चार सारख्या बरण्यांत भरावे. एक तशीच ठेवावी, दुसरीतले पाणी सुती कापडाने गाळावे, तिसरीत थोडी तुरटी फिरवावी, चौथीत कापड आणि तुरटी दोन्ही वापरावे. तळाशी किती गाळ बसला आणि पाणी निवळायला किती वेळ लागला, हे आठवडाभर वहीत टिपावे. खर्च नगण्य. पाचवीतील मुलगीही हा प्रयोग स्वतः करू शकते आणि स्वतः सांगू शकते. निवळलेले पाणी जंतूमुक्त असतेच असे नाही, हेही तिने सांगितले तर उत्तमच. (ते पाणी पिऊन पाहू नये, हे मोठ्यांनी सांगावे.)

खेळण्यांतून विज्ञानासाठी अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ मोफत आहे. काड्यापेटी, स्ट्रॉ, सायकलच्या ट्यूबचा तुकडा एवढ्यावर तिथले बरेचसे प्रयोग होतात.

मूल अनधिकृत शाळेत असल्यास?

महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत वर्षाच्या मध्येही प्रवेश मागता येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार मुलाला वयानुरूप वर्गात बसवावे लागते. जन्मदाखला नाही, या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. तालुका पातळीवरील प्रदर्शने साधारणपणे डिसेंबरच्या आसपास भरतात आणि शाळांतील निवड त्याआधी होते. त्यामुळे शाळा बदलण्याचा विचार असेल, तर दिवाळीची सुट्टी संपण्याची वाट पाहू नये.